निरोप्याचं काम

सातपूरला, कामगार वसाहतीच्या हॉलमध्ये
सेकंड शिफ्ट सुटल्यावर आमची तालीम.
खुर्च्या लग्नाच्या, भाड्याच्या. पंखा एकच.
आणि नाटक अडीच हजार वर्षांपूर्वीचं, ग्रीकांचं.

मी प्रॉम्प्टर.
विंगेत, चाळीसच्या बल्बखाली, मांडीवर वही.
शेवट मला पहिल्या पानापासून माहीत.
राजा कुणाचं ऐकणार नाही, हेही.
पण त्याला अडवणं माझ्याकडे नाही.
तो अडखळला
तर पुढचं वाक्य पुरवायचं, एवढंच.

कोरसमध्ये आठ जण. दोघे नोटांच्या प्रेसमधले,
एक भांडी बाजारातला, बाकी कंत्राटी.
पहिल्या आठवड्यात ते कुरकुरले,
‘सर, आम्ही नुसतं बघत उभं राहायचं?
एवढं सगळं कळतंय, तर राजाचा हात का नाही धरायचा?’
बागूल सर चष्मा पुसत म्हणाले,
‘तुम्ही धरता? कंपनीत?’
पंखा तेवढा वाजत राहिला.

या नाटकात मरण समोर येत नाही.
ते आत होतं, दाराआड.
आपल्याही जुन्या नाटकांत तसंच,
पण आपल्याकडे शेवटी भरतवाक्य असतं,
पाऊस वेळेवर पडो, गाई भरपूर दूध देवोत.
इथं आतून फक्त एक माणूस येतो,
ज्याला नाव दिलेलं नाही,
आणि सांगतो.

निरोप्या म्हणजे पुंडलिक खैरनार,
शीट मेटलला बावीस वर्षं.
पाठांतर चोख, आवाज खणखणीत.
दोन पानांचं भाषण तो बातम्यांसारखं म्हणायचा
आणि सर दर वेळी म्हणायचे, ‘नाही.’
का नाही, ते सरांनाही सांगता येत नव्हतं.

एका मंगळवारी तो मध्येच थांबला.
मी वाक्य पुरवलं. त्यानं घेतलं नाही.
पुन्हा पुरवलं, जरा मोठ्यानं.

त्यानं चपला काढल्या.
जोडीनं, भिंतीला लावून ठेवल्या
आणि राणीला म्हणाला,
‘वहिनी, थोडं पाणी मिळेल का?’

वहीत हे नव्हतं.

राणी म्हणजे हेमलता निमसे, सिव्हिलला नर्स.
तिनं काही विचारलं नाही.
नसलेल्या तांब्यातून नसलेल्या पेल्यात पाणी ओतलं.
तो ते सावकाश प्याला, सगळं.
मग बोलला. दोन पानं नाही, दोन ओळी.
राणी न बोलता आत गेली
आणि कोरसमधल्या भांडीवाल्यानं
नकळत हात जोडले.

टपरीवर, चहा निवत असताना कळलं:
चौदा वर्षांपूर्वी पॉवर प्रेसखाली गोकुळ ठोंबरे गेला,
तेव्हा साहेब म्हणाले, तुझ्याच वाटेवर आहे ना त्याचं घर,
तूच सांग जाता जाता.
अंबडला. रात्री सव्वा वाजता. सायकलवर.

‘पाणी कशाला मागितलंस?’
खैरनारनं बशी पुसून पालथी घातली.
‘तेवढा वेळ
तिचा नवरा होता.’

त्याच आठवड्यात गंगेला पूर आला.
दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी, मग छातीला,
पुलावर गर्दी, मोबाइल उंच धरलेले.
एवढा मोठा देव, दोन तोंडांचा,
पाणी अडवत नाही.
किती चढलं ते अंगावर दाखवत उभा राहतो
आणि त्याच्याकडे बघून
खालचे दुकानदार माल वर हलवतात.

स्पर्धेत आम्हाला काही मिळालं नाही.
परीक्षकांचा शेरा: निरोप्याचा विराम फार लांबला.

वही माझ्याकडेच आहे.
त्या भाषणाच्या समासात, पेन्सिलीनं,
पुढं कधी कुणी बल्बखाली बसेल त्याच्यासाठी लिहून ठेवलंय:
चपला. पाणी.
इथं काहीही पुरवू नये.